डोंग्यावरचे दोन ठोके

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी तिथून उठून सरळ घर गाठणारी. आणि माझं काम तर असं, की स्क्रीनवर दिसेल तेवढंच खरं मानायचं. तरी हे लिहितेय... कारण तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय.

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, मूलजवळचं तलावाकाठचं गाव. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. मी शिकून बाहेर पडले आणि आता एका मोठ्या शहरात, कॅन्सरच्या रुग्णालयात प्रोटॉन मशीनवर तंत्रज्ञ आहे. या प्रोटॉनचं थोडक्यात असं — रेडिएशनचे नेहमीचे किरण अंगातून आरपार जातात, हा ठरवलेल्या खोलीवर जाऊन थांबतो. म्हणून रोज आधी आतला फोटो काढायचा, गाठ जागेवर आहे ना बघायचं, मगच बीम, म्हणजे प्रोटॉनचा झोत, सोडायचा. आत काही बदललेलं दिसलं तर उपचाराचा आराखडाच नव्याने करायचा.

माझ्या काकाच्या, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाच्या यकृतात गाठ निघाली. उपचारासाठी तो आमच्याच रुग्णालयात आला, राहायला माझ्या घरी. गाठीला खेटूनच आतडं. बीम चुकीच्या जागी गेला तर आतड्याला भोक पडायची भीती. श्वासासोबत यकृत वरखाली होतं, त्यामुळे बीम चालू असेपर्यंत पेशंटने श्वास रोखायचा. यात भल्याभल्यांची फे फे उडते. काकाचा जन्म मात्र तलावात बुड्या मारण्यात गेलेला.

"बस, एवढंच?" तो मलाच विचारायचा. "अजून धरू काय?"

अर्धे उपचार झाले होते. एका सकाळी फोटो काढला, आराखड्याशी नीट जुळला. मी इंटरकॉमवर म्हटलं, "काका, श्वास घे... धर." त्याने धरला. माझं बोट बटणावर — आणि इंटरकॉममधून आवाज आला. टक टक. लाकडावर लाकूड मारल्याचा. त्याच क्षणी काकाने श्वास सोडून दिला. श्वास सुटला की मशीन बीम सोडतच नाही.

"कसला आवाज होता रे?" मी शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं.

"कुठला आवाज?" तो म्हणाला.

काका असं मध्येच कधी सोडत नसे, म्हणून मी परत फोटो काढला. बघते तर गॅसने फुगलेला आतड्याचा वळसा बीमच्या वाटेत येऊन बसलेला. पोकळी आली की प्रोटॉन ठरल्या जागी थांबत नाही, पुढे निघून जातो. आतडं असं सरकतं, त्यात नवल काही नाही. डॉक्टरांनी त्या दिवशीचा बीम रद्द केला आणि आराखडा बदलला.

घरी जेवताना विचारलं, "काका, मध्येच श्वास काऊन सोडला?"

"दादानं वाजवलं ना."

दादा म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

मग त्याने जे सांगितलं, ते मला कधीच माहीत नव्हतं. डोंग्यात, म्हणजे आमच्या लाकडी होडीत, पोरींना कोण नेतं? तलावात जुन्या झाडांची खोडं बुडालेली आहेत, त्यांत जाळं अडकायचं. काका बुडी मारून ते सोडवायचा, आणि बाबा वर डोंग्यात बसून पाण्यावर नजर ठेवायचे. काही धोका दिसला की वल्ह्याने डोंग्यावर दोनदा ठोकायचे. आवाज पाण्याखाली बरोबर पोचतो.

"दोनदा वाजलं का हातातलं सोडाचं आन् वर याचं," काका म्हणाला. "काऊन म्हणून इचाराचं नाई."

दुसऱ्या दिवशी उपचाराच्या खोलीतला कोपरा न् कोपरा तपासला. लाकडाची वस्तूच नाही तिथे. इंजिनिअरने इंटरकॉमही उघडून पाहिला, तो ठणठणीत निघाला.

काका बरा झाला. नंतरच्या तपासणीत गाठ विरलेली दिसली. दिवाळीत मी गावी गेले, तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं धूत होता. काठावर बाबांचा डोंगा पालथा पडलेला. मला आवाज पडताळून पाहायचा होता, बाकी काही मनात नव्हतं. वल्हं उचललं आणि दोनदा ठोकलं.

तोच आवाज! अगदी तोच.

काकाने हातातलं जाळं पाण्यात सोडलं आणि तडक काठावर आला. आल्यावर डोंग्याकडे पाहिलं. माझ्या हातात वल्हं दिसलं, तशी मान खाली घातली.

"तू व्हय," म्हणाला. "मले वाटलं..."

बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी त्यांच्या डोंग्यावर बसून पोटभर रडले.

काकाने ऐकलं, याला एक वेळ मन म्हणा, सवय म्हणा. पण ही खूण मला ठाऊकच नव्हती, तरी मला कसं ऐकू आलं? मी काकालाही विचारलं. तो जाळं पिळत होता.

"तुले काऊन नाई आयकू येनार?" म्हणाला. "दादाची पोरगी व्हय ना तू."