चिठ्ठीवर न आलेली ओळ

चूक माझी होती. एवढं साधं वाक्य उच्चारायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत मी ते कुणालाच सांगितलं नाही — बायकोला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवासमोर हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. आता सांगतो. मध्ये थांबलो तर समजून घ्या, पण अर्धवट सोडणार नाही.

बडोद्यात छाणीला माझा छोटा कारखाना आहे. आम्ही बूट बनवतो, पण दुकानात मिळतात तसले नाही. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाच्या टाचेचं हाड वाढलेलं असतं, कुणाच्या तळव्यांना मधुमेहामुळे काही जाणवतच नाही. अशा माणसांचे बूट. वीस वर्षं मी येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत आलो — बाबा, तयार बूट तुझ्यासाठी नाही. तुझ्या पायाला तुझाच बूट हवा.

आणि मीच कारखान्यासाठी तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं. स्वस्तातलं. चपलांच्या दुकानांसाठी बनवलेलं.

आमच्याकडे तेव्हा कांतीकाका होते. वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर. गिऱ्हाईक आलं की ते त्याला खाकी कागदावर उभं करायचे, पेन्सिलीने दोन्ही पावलं आखायचे, मग अंगठ्याने तळवा दाबत जायचे. कुठे दुखतं, कुठे काहीच कळत नाही, ते त्या आखलेल्या पावलातच लिहायचे. असे कागद शिवून त्यांनी वह्या केल्या होत्या. त्या वह्यांची मला लाज वाटायची. खरंच. कडा तेलकट, अक्षर त्यांचं त्यांनाच लागणारं. एखादे डॉक्टर कारखाना बघायला आले की मी त्या वह्या सरकवून ठेवायचो.

माझी भाची केतकी बडोद्यातच, हरणी भागात राहते, संगणकाचंच काम करते. तिला मी विचारलं. ती तीन दिवस कांतीकाकांशेजारी पाटावर बसली आणि मग म्हणाली, "मामा, हे तुमच्यासाठी वेगळंच बनवावं लागेल. दोन पाय म्हणजे दोन नोंदी. आखलेलं पाऊल पडद्यावर दिसायला हवं. सहा महिने लागतील." मी म्हणालो, "अगं, बूटच आहेत ना शेवटी? रॉकेट नाही सोडायचंय." ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही लोकांना तयार बूट घालू देत नाही, आणि स्वतः मात्र घालताय."

मला ते लागलं. लागलं म्हणूनच मी हट्टाने दुसऱ्या दिवशी ते स्वस्तातलं घेतलं. आहे की नाही हे वय होऊनही पोरकट?

त्यात दोन्ही पायांना मिळून मापाची एकच चौकट होती. बाकी सगळं ‘शेरा’ नावाच्या रकान्यात कोंबायचं. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की शेरा लांबला तर पडद्यावर पूर्ण दिसतो, पण कारागिराच्या हातात जाणाऱ्या छापील चिठ्ठीवर अर्ध्यातच तुटतो. मी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, दुकानाला एवढं पुरतं." मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

आणि तरी मी फर्मान काढलं: आता माप मी पुढच्या टेबलावर घेणार, मीच भरणार, कारागिरांनी चिठ्ठीवरूनच काम करायचं. वह्या बंद. मी त्या लोखंडी कपाटात ठेवल्या आणि किल्ली खिशात टाकली. कांतीकाकांनी पेन्सिल कानावरून काढून खणात ठेवली, एवढंच.

मग पाटणकर सर आले. शहरातल्याच गोत्री भागातले, निवृत्त शिक्षक. मधुमेह होता, तळव्यांची जाणीव गेलेली. उजव्या चवड्याखाली मुश्किलीने भरून आलेली जखम होती. बुटाच्या तळात तिथे खोलगट जागा ठेवायची, म्हणजे भार पडत नाही. मी ते सगळं भरलं. नीट भरलं. चिठ्ठीवर मात्र ‘उजव्या पायाच्या’ एवढं येऊन ओळ संपली.

कांतीकाका चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. "सुधीरभाई, आगळ कंई लखेलुं छे? अधूरुं लागे छे." पुढे काही लिहिलंय का, अर्धवट वाटतंय.

मी फोनवर होतो. काहीतरी फालतू बोलणं चाललं होतं, काय ते आता आठवतही नाही. पडदा माझ्या बाजूलाच होता. मान वळवून वाचायचं होतं फक्त. मी हातानेच त्यांना उडवून लावलं. "छे एटलुं ज करो, काका." आहे तेवढंच करा.

त्यांनी तेवढंच केलं.

सरांना दुखलं नाही, कारण दुखणं त्यांना कळतच नव्हतं. कळलं तेव्हा जखम आतून पसरली होती. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

आता इथपर्यंत जे सांगितलं ती चूक. माणसाच्या हातून चूक होते, असं म्हणून तुम्ही कदाचित सोडूनही द्याल. पण मी कबूल करायला बसलोय ते याच्या पुढचं आहे.

सरांचा मुलगा अनिरुद्ध तो बूट घेऊन कारखान्यात आला. सगळे हात थांबले. त्याने बूट माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" आणि मी — विचार करायला क्षणभरही न लावता — म्हणालो, "कारागिराची चूक. वय झालंय त्यांचं. मी लिहून दिलं होतं." मराठीत म्हणालो. कांतीकाका चार हातांवर उभे होते. आमच्याकडे आयुष्य घालवलेल्या त्यांना मराठी पूर्ण समजतं, हे मला ठाऊक होतं. अनिरुद्ध त्यांना नाही नाही ते बोलला. ती चिठ्ठी त्यांच्या खणात असणार. झालेल्या कामांच्या चिठ्ठ्या ते तिथेच ठेवत. ते खणाकडे वळले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मी बोलवायला गेलो नाही. उलट, मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहितो, कारण हेही खरं आहे.

तेच सॉफ्टवेअर मी चालू ठेवलं होतं. या वर्षी नवे कारागीर चिठ्ठीवरची तुटलेली ओळ घेऊन परत परत विचारायला येऊ लागले, तेव्हा मी केतकीकडे गेलो. म्हटलं, तू म्हणत होतीस तसं बनव. ती म्हणाली, "बनवते. पण मला परत कांतीकाकांशेजारी बसावं लागेल. कुठे असतात ते?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ते निवृत्त झाले." आणि ते वाक्य ऐकताना मलाच कळलं, की हे आता थांबणार नाही. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. त्याच दिवशी ठरवलं, खरं सांगून टाकायचं.

आधी गोत्रीला गेलो. सर खुर्चीत, पाय स्टुलावर. सगळं सांगितलं. अनिरुद्ध म्हणाला, "चार वर्षं मी त्या म्हाताऱ्याला शिव्या देतोय. तुम्ही देऊ दिल्यात." मी ‘हो’ म्हणालो.

मग कांतीकाकांच्या घरी. त्यांनी पाणी दिलं. मी बोलायला तोंड उघडलं तोच त्यांनी हात वर केला. "अहीं नहीं. ज्यां बोल्या हता, त्यां बोलो." इथे नाही, जिथे बोललात तिथे बोला.

सोमवारी ते आले. मी बोलावल्यावरून अनिरुद्धही आला. मी यंत्रं बंद करायला लावली. कपाट उघडून वह्या काढल्या, कांतीकाकांच्या पाटावर ठेवल्या, आणि त्याच टेबलापाशी उभा राहिलो. चार वर्षांपूर्वी मराठीत बोललो होतो. या वेळी तिथल्या प्रत्येकाला कळावं म्हणून गुजरातीत बोललो — चूक माझी, काकांनी विचारलं होतं, मी पाहिलं नाही, मग सगळ्यांसमोर खोटं बोललो.

"भूल मारी हती. काकाए पूछ्युं हतुं, में जोयुं नहीं. पछी बधानी सामे हुं खोटुं बोल्यो. काका, माफी मागुं छुं."