मापावरची मूठ

माकणीच्या फाट्यावर एसटी उभी होती आणि अक्का माझ्या सदऱ्याच्या खिशात नोट कोंबत होती. मी तिचं मनगट धरून ठेवलं होतं. ती सत्तरीच्या पुढची, मीही तिच्या मागं फार नाही, आणि दोघांची अशी झोंबाझोंबी की टपरीवरची माणसं चहा सोडून बघायला लागली.

"घे रं नाम्या. मोठी बहीन हाय म्या तुजी."

"नगं म्हन्लं ना."

"वाटंत काय खाशील?"

"भाकरी हाय. शेंगाची चटनी हाय. तूच बांधून दिलीस की."

कंडक्टर दारातून वाकून म्हणला, "आज्जे, ती नोट मला द्या, पर गाडी सोडू द्या."

माणसं हसली. गाडी हलली. खिडकीतून मागं बघितलं तर अक्का रस्त्यावर उभी, हात तसाच पुढं, हातात नोट. मी जिंकलो होतो. सोलापूर मागं पडलं तरी मला त्या जिंकण्याचं बरं वाटत होतं.

थोरल्या बहिणीचं घ्यायला हरकत नसते, हे मलाही कळतं. पण आमच्या घरात घ्यायची सवयच नाही. आमचा धंदा मेंढरांचा. सुगी झाली की शेतकरी आमची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी. बदल्यात ज्वारी. खळ्यावर मापानं ज्वारी घालायची आणि माप झालं की शेतकरी वर एक मूठ टाकायचा, खुशीची. अप्पा, म्हणजे आमचे वडील, ती मूठ कधी नाकारत नसत. नाकारली की देणाऱ्याचं तोंड पडतं. ते ओंजळीत घ्यायचे, कपाळाला लावायचे, आणि चालत जाऊन त्याच शेतकऱ्याच्या बैलापुढं टाकायचे. म्हणायचे, "मापाचं ते आपलं, नामा. वरचं त्याच्या बैलाचं." देणाऱ्याचं मन राहिलं आणि घेणाऱ्याची मान ताठ राहिली. अप्पांच्या अंगावर धड सदरा नसायचा, पण पाटलाच्या वट्ट्यावर त्यांना बसायला जागा मिळायची. ती ह्या एका गोष्टीमुळं, असं मी अजून मानतो. कुणी काही म्हणो.

गाव सोडायची मला हौस नव्हती. माझा मुलगा दत्ता पुण्यात गोदामात खोकी उचलायचा. एक दिवस खोकं उचललं आणि मणका गेला. तो आडवा पडला तो पडलाच. सून चार घरच्या पोळ्या करते. तिनं फोन केला, "मामा, तुमी या. दिवसभर ह्यांच्यापाशी कुनी न्हाय." मेंढरं तर आधीच विकलेली. गावच्या धरणाच्या पाण्याकडं बघत पारावर बसण्यापेक्षा पोराच्या उशाशी बसावं, म्हणून आलो. घराला कुलूप लावलं, किल्ली अक्काकडं दिली.

इथं एक खोली. पत्र्यावर शेजारच्या बिल्डिंगची सावली दिवसभर, त्यामुळं ऊन कधी आलं आणि गेलं ते कळत नाही. घर चालवते ती माझी नात, कोमल. बारावी झाली आणि बाप पडला. तिनं बॅटरीची गाडी भाड्यानं घेतली, पाठीला ती चौकोनी पिशवी अडकवली आणि हॉटेलातलं जेवण लोकांच्या दारात पोचवायला लागली. आमच्याकडं डोक्यावर पाटी घेऊन रानात भाकरी न्यायची पोरगी, तसंच हे, असं मी मनाला सांगितलं. फक्त पाटीतलं कुणासाठी आहे ते हिला ठाऊक नसतं.

एकदा संध्याकाळी ती आली ती गप. आईला हळू आवाजात सांगत होती. कुठल्या तरी दारात पार्सल घेताना एका माणसानं तिचा हात सोडला नाही, आत ये म्हणला. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो, सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सून कामावरून आली तसा मी धोतर झटकलं, पटका बांधला आणि गाडीच्या मागल्या सीटवर जाऊन बसलो.

"उतरा आबा. कंपनीला कळलं तर माजा आयडी बंद करत्याल."

"करू दे."

"तुमाला लई धक्के बसत्याल."

"मेंढरामागं कुठं गादीवर बसून फिरलो म्या?"

तिनं रागानं हेल्मेट घातलं आणि बसली. माझ्यापुढं कुणाचं चालत नाही.

आधी दोघंही वर जायचो. पण गाडी गेटबाहेर लावली की उचलून नेतात, म्हणून ती गाडीपाशी थांबायची आणि मी वर जायला लागलो. ती माझ्या तळहातावर पेनानं फ्लॅटचा नंबर लिहून द्यायची. ए विंग, बी विंग ही अक्षरं मी ह्या वयात भिंतीवर बघून शिकलो. वॉचमन सामानाची लिफ्ट दाखवायचा, तिच्यात कचऱ्याचे डबे असायचे. असू दे. मी पोरीला त्या दारांपासून लांब ठेवलं होतं, मला तेवढं पुरे होतं.

दार उघडलं की माणसं दचकायची. मोबाईलवर नाव कोमलचं आणि दारात पटकेवाला म्हातारा. मला वाटायचं आता तक्रार होणार. पण कुणी केली नाही. उलट म्हणायचे, "बाबा, पाणी घेता का?" मी घ्यायचो. पाण्याला नाही म्हणू नये. पुण्यातली माणसं चांगली आहेत, असं मी अक्काला फोनवर सांगितलं.

कुणी कुणी नोट पुढं करायचं. पहिल्यांदा एका तरण्या माणसानं केली तेव्हा मी घोटाळलो. नाकारावी तर त्याचं तोंड पडणार. घ्यावी तर अप्पा दिसतात. बैल तर कुठंच नाही. तेवढ्यात त्याची बारकी लेक बापाच्या पायाला धरून बघत होती ती दिसली. मी नोट घेतली, कपाळाला लावली आणि तिच्या हातात दिली. म्हणलं, "घे माय, खाऊला." आपल्याकडं पाहुणा निघताना लेकराच्या हातावर ठेवतो तसं.

तो माणूस म्हणला, "अहो बाबा, ते तुम्हाला दिले होते."

मी म्हणलं, "पोचले."

लिफ्टमधून खाली येताना मला अप्पा आपल्यासंगं उभे आहेत असं वाटलं. पुढं तसंच करायला लागलो. ज्या घरात लेकरू नसेल तिथं देवाच्या फोटोपुढं ठेवा म्हणायचो. एका बाईच्या घरात देवही नव्हता, कुत्रं होतं. म्हणलं, ह्याला बिस्कूट आणा. लई हसली ती.

मग एक दिवस हॉटेलाच्या मागल्या दाराशी पार्सलची वाट बघत आम्ही उभे होतो. तिथं गाडीवाल्यांचा घोळका असतो. त्यात बालाजी म्हणून एक आहे, आपल्याकडच्या वाशीचा, बोलायला तिखट. तो म्हणला, "कोमल, आबाला उद्याच्याला माज्या गाडीवर दे की. चार्जिंग माजं, वडापाव माजा. टीप आर्धी आर्धी."

घोळका हसला.

"बालाजीकाका, गप बसा," कोमल म्हणली. तिचा चेहरा बघितला आणि माझ्या लक्षात आलं की ही चेष्टा नाही.

रस्त्यात मी म्हणलं, "गाडी थांबीव." पेरूवाल्याच्या गाड्याशेजारी तिनं थांबवली.

"टीप कसली म्हनला त्यो? म्या तर एक रुपाया घेत न्हाय."

 मग तिनं मोबाईल काढला. मला कळेल असं हळूहळू सांगितलं. दार लागल्यावर, मी लिफ्टमध्ये असताना, माणसं मोबाईलवरूनच पैसे देतात. ते तिच्या खात्यात येतात. खाली कुणी दोन शब्द लिहितं. तिनं वाचून दाखवले. "आजोबांसाठी." "बाबांची काळजी घ्या." "या वयात असं काम, बघून वाईट वाटलं." आणि त्या बारक्या लेकीच्या बापानं लिहिलं होतं, "खाऊ परत केलाय, बाबांना सांगा." जेवढं मी त्याच्या लेकीच्या हातात ठेवलं, त्याच्या दुप्पट त्यानं दिलं होतं. बैलापुढं टाकलेली मूठ बैलानंच घरी आणून दिली.

"परत दे ज्याचं त्याला."

"देता येत न्हाय, आबा."

"का येत न्हाय? आलं तसं जाऊ दे."

"तसलं बटनच न्हाय."

मी मोबाईल हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. त्याच्यात काय बघत होतो कुणास ठाऊक. चाळीस मेंढरातलं एक लंगडं मी लांबून ओळखायचो, आणि इथं माझ्या हातात असून मला काही सापडेना.

"ही भीक हाय, पोरी."

"भीक न्हाय. टीप म्हन्त्यात. समद्यांलाच देत्यात."

"तू एकटी जायचीस तवा द्यायचे का?"

पेरूवाला तिखटमीठ लावत होता त्याच्याकडं ती बघत राहिली. मग म्हणली, "कवातरी." आणि माझ्या हातातनं मोबाईल घेत, "पप्पांला व्यायाम शिकवायला डाक्टर येत्यात न्हवं, ते त्यातूनच येत्यात."

दत्ता त्याच महिन्यात भिंतीला धरून दारापर्यंत आला होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणलो होतो, आपल्या ज्वारीचा जोर आहे हा. तो काही बोलला नव्हता. आता कळलं का बोलला नव्हता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

मी जायचं बंद केलं. म्हणलं ना, माझ्यापुढं कुणाचं चालत नाही. कोमल एकटी जायला लागली.  ती आली की मी तिच्या हाताकडं बघायचो, आज कुणी धरला का. विचारायची हिंमत व्हायची नाही. डॉक्टर येईनासे झाले. दत्ता आपला आपला पाय उचलायचा, अर्ध्यावर सोडून द्यायचा. एक दिवस म्हणला, "बाबा, म्या उटून काय नाचनार न्हाय. माज्यासाटी तुमी जाऊ नका." त्यानं मला रागानं म्हणलं असतं तर मी भांडलो असतो. तो मायेनं म्हणला. 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी धोतर झटकलं आणि खाली जाऊन गाडीवर बसलो. कोमल पिशवी घेऊन आली, मला बघितलं. तिनं उतरा म्हणलं नाही. हेल्मेट घालता घालता म्हणली, "आबा, पटका जरा नीट बांधा."

हे ती आधीही म्हणायची. आपला आजा चारचौघांत नीट दिसावा म्हणून म्हणते, असं मला वाटायचं. तसंच असेल. तसंच असणार. पण ते माझ्यासाठी का दार उघडणाऱ्यांसाठी, हे आता मला कधीच नक्की कळणार नाही, आणि तिला विचारता येत नाही. मी पटका सोडला आणि नीट बांधला.

तेव्हापासून रोज जातो. दार उघडतं, पार्सल देतो, पाणी दिलं तर पितो. कुणी नोट पुढं केली तर आता लेकराच्या हातात ठेवत नाही. काय उपयोग? घेतो आणि कोमलकडं देतो. दार लागलं की पाठीमागं आत काय चाललंय ते मला दिसत नाही. कुठल्या कुठल्या लिफ्टमध्ये आरसा असतो. मी त्याच्याकडं पाठ करून उभा राहतो.

आपल्याकडची कितीतरी पोरं आता पुण्याला आहेत. तामलवाडीची आहेत, वाशीची आहेत. काही पिशवी घेऊन फिरतात, काही चांगल्या नोकरीत आहेत, ते घरी बसून मागवतात. मागवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. द्यायचं तर दार उघडं असताना द्या, तोंडाकडं बघून, हातात. नाव विचारा. म्हणजे घेणाऱ्याला नको म्हणायची तरी सोय राहते. मग त्यानं नको म्हणलं तर म्हणलं, घेतलं तर घेतलं, ते त्याचं त्यानं ठरवलं असं होतं. दार लावून मागनं पाठवलेलं परत करता येत नाही. आणि पाठवूच नका, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दत्ता परवा खालच्या नळापर्यंत जाऊन आला.

अक्काचा फोन येतो. विचारते, "तिकडं काय करतोस रं दिवसभर?" मी म्हणतो, पोरीला सोबत करतो. ते खोटं नाही. ती म्हणते, घराचं दार वाळवीनं धरलंय, एकदा येऊन जा. म्हणते, "येशील तवा फाट्यावर न्यायला येते. आन् जाताना घ्यावं लागंल बघ या खेपी. ती नोट तशीच ठिवलीया म्या, डब्यात."

मी म्हणलं, "घेनार न्हाय."

"बघू की कसा घेत न्हाईस."

घर म्हणलं की आता मला कुलपाचं दार आठवत नाही, रान आठवत नाही, धरणाचं पाणीही नाही. फाट्यावरची तेवढी जागा आठवते. तिथं एक म्हातारी माझ्या खिशात नोट कोंबायला येते, आणि मला तिचं मनगट धरता येतं.