दौलतगंजच्या रंगमंचाविषयी एक दुरुस्ती

‘ग्वाल्हेर संस्थानाच्या विलीनीकरणानंतर लष्कर भागातील मराठी समाज स्वतःत मिटून गेला. दौलतगंजमधील त्यांच्या नाट्यगृहाचे दार इतर समाजांना बंद राहिले. हा रंगमंच केवळ मराठी कुटुंबांनी, केवळ मराठी कुटुंबांसाठी जपला. आज प्रथमच तो सर्वांसाठी खुला होत आहे.’

हा मजकूर आमच्या नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरला जाणार आहे. दगड आणून ठेवला आहे, कारागीर ठरला आहे. कागदावरचे खोटे पुसता येते. दगडावरचे पुढच्या पिढ्या वाचतात आणि खरे मानतात. म्हणून दगडाला छिन्नी लागण्याच्या आत हे लिहितो आहे.

मजकूर ज्यांच्या पुस्तिकेतून घेतला, ते पाहुणे परदेशातील एका अशा शहरातून आले होते, जिथल्या गिरण्या बंद पडल्या आणि जे पुढे नाटक, संगीत व हातमागाच्या आधाराने पुन्हा उभे राहिले. त्यांच्या शहराने आमच्याकडून आणि आमच्या शहराने त्यांच्याकडून काही शिकावे, असा हा उपक्रम. माणसे सज्जन आहेत. तिखट सारणाची बेडई पुरी खाताना डोळ्यांतून पाणी वाहत असूनही त्यांनी पान टाकले नाही. त्यांचे दोन शब्दप्रयोग मी पाठ केले आहेत: ‘सर्जनशील उद्योग’ आणि ‘सामुदायिक वैविध्याचे व्यवस्थापन’. पहिल्याशी माझे भांडण नाही. दुसऱ्याविषयी एवढेच सांगतो, की आम्ही वैविध्याचे व्यवस्थापन कधी केले नाही. आम्हांला नाटकाला माणसे कमी पडत होती.

चूक पाहुण्यांची नाही. माहिती पुरवणारा आमच्यातलाच निघाला. माझ्याच वयाचा, माझ्याच आळीत वाढलेला, आमच्या नाटकांचा त्या वेळचा नायक. राज्यपुनर्रचना झाली, कचेऱ्या भोपाळला गेल्या, तेव्हा तोही फायलींच्या मागोमाग गेला आणि तिथेच राहिला. मी त्याला फोन केला.

‘‘परंपरा शुद्ध राहिली असं मी सांगितलं,’’ तो म्हणाला, ‘‘तर तुझ्या पोटात का दुखतं?’’

‘‘तू गेल्यावर तुझं काम कोणी केलं, ठाऊक आहे?’’

‘‘कोणी केलं?’’

‘‘टोपी बाजारातल्या सिंधी कापडवाल्याच्या मुलाने.’’

 तो म्हणाला, ‘‘त्याला मराठी कुठे येत होतं?’’

‘‘तुला तरी अभिनय कुठे येत होता?’’

त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानेच पुन्हा केला. पण आपले म्हणणे सोडले नाही.

त्या काळाची हकिगत अशी. आधी दरबार गेला. मग काही वर्षांनी राजधानी गेली. कारकून, मुनशी, हिशेबनीस, म्हणजे आमच्या गणेशोत्सवाच्या नाटकातले राजे, मंत्री आणि सेनापती, सामान बांधून रेल्वे स्टेशनवर जमले. मागे राहिलो ते आम्ही, ज्यांना बदलीचा हुकूम मिळाला नव्हता. त्याच दिवसांत नाट्यगृहाच्या पाठीला पाठ लावून राहणारे रंगरेजांचे घरही अडचणीत आले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी दरबारासाठी पगडीचे कापड रंगवले होते आणि पगड्या बांधल्या होत्या. आता पगडी घालून जायचे कुठे, हाच प्रश्न होता.

आमच्याकडे रंगमंच होता, माणसे नव्हती. त्यांच्याकडे हात होते, काम नव्हते. मुरारच्या छावणीतून टाकून दिलेला तंबू मिळाला. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू, तो मंजिष्ठी लाल रंगात बुडवून आमचा दर्शनी पडदा केला. त्या वर्षी ऐतिहासिक नाटक होते. पोशाख आणि पगड्या चाचांनीच केल्या. त्यांचा धाकटा मुलगा हुजऱ्याच्या भूमिकेत उभा राहिला, कापडवाल्याचा मुलगा पेशवा झाला.

प्रयोगाला पुण्याहून आलेले एक पाहुणे पहिल्या रांगेत होते. पडदा वर गेला आणि ते हसू लागले. सिंहासनावर बसलेल्या पेशव्याच्या डोक्यावर नावेसारखी टोकदार शिंदेशाही पगडी होती. पेशव्याच्याच काय, निजामाच्या वकिलाच्या डोक्यावरही तीच. सभागृहातल्या एकाही लष्करकराला त्यात वावगे दिसले नव्हते, मलाही नाही. आम्ही जन्मापासून पगडी म्हणून तीच पाहिली होती. मध्यंतरात पाहुण्यांनी चाचांना गाठून चूक दाखवली. चाचांनी तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले.

‘‘पेशवा ग्वालियर में दरबार लगाएगा, तो पगड़ी भी यहीं की पहनेगा, साहब.’’

पुढे कितीतरी वर्षे आमच्या रंगमंचावर सगळ्या राजांनी ग्वाल्हेरचीच पगडी घातली. ‘शुद्ध परंपरा’ म्हणतात ती हीच असावी.

हे सारे मी आज उगाळतो आहे, त्याला कारण आहे. नाट्यगृहाचे आता कलाकेंद्र होते आहे. ज्या घराण्यांनी व संस्थांनी ते उभे केले, त्यांना रस्त्याकडेचे गाळे कायमचे मिळतील. ‘नव्याने सामील होणाऱ्या समाजांना’ वरच्या मजल्यावरच्या खोल्या, त्याही एका वर्षाच्या बोलीवर. चाचांची नात आज आळीतल्या बायकांना घेऊन कापड रंगवते. पुस्तिकेच्या आधारे तिचे नाव दुसऱ्या गटात पडले आहे. वर पाणी चढत नाही, ग्राहकही चढत नाही. आणि वर्षानंतर काय, ते कोणी सांगत नाही.

मी तिच्याकडे गेलो, तर ती मलाच समजावू लागली.

‘‘जाने दीजिए दादाजी. नए हैं तो नए सही. कमरा तो मिल रहा है.’’

‘‘तू नवी कशी? तुझ्या आजोबांनी आमचा पेशवा सजवला.’’

‘‘तर त्या पेशव्यालाच सांगा ना अर्ज करायला,’’ ती म्हणाली. तिचे मराठी आमच्या घरातल्या मुलांपेक्षा बरे आहे. ‘‘तुम्ही भांडता आणि मग सगळे माझ्याकडे बघतात.’’

तिचे म्हणणे मला कळते. ज्याला रोज त्याच गल्लीत धंदा करायचा आहे, त्याला भांडण परवडत नाही. मला परवडते. म्हणून ते माझे काम आहे, असे मी तिला सांगितले. तिने हात धुतले आणि चहा ठेवला.

नाट्यगृहात बैठक झाली. पाहुणे, त्यांची दुभाषी आणि केंद्राचे काम पाहणारे आपले अधिकारी. मी पडद्याची, पेशव्याची, हुजऱ्याची हकिगत सांगितली. दुभाषीने पगडीची गोष्ट सांगताच पाहुणे मनापासून हसले. अधिकारी मात्र गंभीर होते.

‘‘आजोबा, किस्सा छान आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण त्यांनी कपडे पुरवले, पडदा रंगवला. दर्जी पण तर कपडे पुरवतो. म्हणून काय तो संस्थेचा झाला? एखादा मुलगा हुजऱ्या झाला, तो अपवाद. भोपाळचे काका म्हणतात, बाहेरचा माणूस तुमच्या मर्जीने आत येत असे.’’

हे शेवटचे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावले. त्यांनी म्हटले. मग मी उठलो, काठी घेतली, सर्वांना खुर्चीवर पाय ठेवून रंगमंचावर चढायला लावले आणि विंगेतून मागे नेले. तेथे मी मागच्या भिंतीतल्या दारावर काठीने ठोठावले. पलीकडून चाचांच्या नातीचा आवाज आला, ‘‘कौन?’’ आणि पाठोपाठ लोखंड सरकल्याचा आवाज.

दगड अद्याप कोरा आहे. मजकुराचा फेरविचार करू, असे मला सांगण्यात आले आहे. भोपाळहून फोन येतात, त्यात माझ्या स्मरणशक्तीविषयी काळजी असते. माझ्या स्मरणशक्तीवर कोणी विसंबू नये. ज्यांना निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी जाऊन पाहावे. प्रेक्षागृहातून आमच्या रंगमंचावर चढायला पायरी नाही, कधीच नव्हती. नटांना आत यायला एकच दार आहे. ते रंगरेजांच्या अंगणात उघडते, आणि त्याची कडी त्यांच्या बाजूला आहे.