सुलाबाईला टोचणारं कॅरियर

सूर्यभान खंदारे माणूस भला, पण स्वतःच्या पायांचा त्याला भारी अभिमान. ताडकळसहून फाट्यावरची शाळा साडेचार किलोमीटर. तिथं तो शिपाई आणि त्याची बायको सुलाबाई पोरांची खिचडी शिजवणारी. एकवीस वर्षं दोघं एकाच सायकलीवर जात-येत होते. तो पुढं, ती मागं कॅरियरवर, एका अंगाला पाय सोडून. गावात घराघरांपुढं मोटरसायकली उभ्या राहिल्या. पुण्यात कंपनीत असलेला मुलगा धम्मपाल दर सणाला म्हणायचा, "बाबा, गाडी घेऊन देतो." सूर्यभान हसून म्हणायचा, "मेल्यावर चौघं उचलणारच हायत की. तवर पाय हायत ना."

शाळेच्या वाटेवर कालव्याचा पूल लागतो आणि त्याला चांगला दम काढणारा चढ आहे. चढाच्या अलीकडं सुलाबाई न सांगता उतरायची, चालत वर यायची आणि वर आली की चालत्या सायकलीमागं चार पावलं धावून कॅरियरवर बसायची. सूर्यभान थांबायचा नाही, मागं वळूनही बघायचा नाही. ती बसली की एक धक्का बसायचा, हँडल जरासं हलायचं, मागचं चाक दबायचं, की हा पायडल मारायला मोकळा. बायको आली हे कळायची त्याची हीच रीत. रस्ताभर दोघांचं बोलणं चालायचं, भांडणंही व्हायची, पोराचं लग्नही याच रस्त्यावर ठरलं, पण ते सगळं पाठीमागून. निम्मा संसार त्यानं पाठीनं ऐकला म्हटलं तरी चालेल. त्याला त्यात काही उणं वाटत नव्हतं. आपल्याकडं कितीजणांना वाटतं?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागून आवाज आला, "अवो, कॅरियर टोचायलंय."

सूर्यभाननं घरी येऊन कॅरियर पाहिलं. जुन्या चालीचं, लोखंडी पट्ट्यांचं, वर चाप असलेलं. त्यानं चापात पोत्याची घडी अडकवली. आठ दिवस बरे गेले. पुन्हा, "टोचायलंय." मग त्यानं वाकळीची चौघडी करून सुतळीनं बांधली. ती तर उशीसारखी मऊ झाली. तरीही सुलाबाई रस्त्यात दोनदा अंग चोरून बसायची जागा बदलायची आणि तिच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. सूर्यभाननं पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि ठरवून टाकलं की लोखंड झिजून कडा वर आल्यात. एकवीस वर्षांत लोखंडाचं काय होतं हे त्याला बरोबर कळलं. माणसाचं काय होतं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

बाजारपेठेत मुनीर मिस्त्रीचं सायकलीचं दुकान आहे. कॅरियर विकताना मुनीरचे दोन प्रश्न ठरलेले: काय न्यायचं आणि वजन किती. उत्तर ऐकल्याशिवाय तो खिळ्यावरचं कॅरियर खाली काढत नाही. हलक्या बोज्याला बारीक सळईचं, जड बोज्याला दूधवाले लावतात तसं जाड पाइपाचं.

"काय न्यायचं, मामा?"

"बायको."

"वजन?"

"बासष्ट किलो," सूर्यभान ठामपणे म्हणाला. "दवाखान्यात मोजलेलं हाय."

मोजलेलं होतं हे खरं. पण ते धम्मपालच्या बाळंतपणाच्या वेळी, आणि धम्मपाल आता तिशीला आला होता. तेवढा बारकावा सूर्यभाननं सांगितला नाही. त्याला तो बारकावा वाटलाच नाही. मुनीरनं जाड पाइपाचं कॅरियर बसवलं, नट आवळले. सूर्यभान स्वतः त्यावर बसला, दोनदा बूड आपटून पाहिलं आणि खूश होऊन घरी आला.

त्याच महिन्यात एक नवल घडलं. सकाळी पूल जवळ आला आणि सुलाबाई उतरली नाही.

"उतर की," सूर्यभान म्हणाला.

"आज बसूनच ऱ्हाते. दम लागायलाय."

आता आली का पंचाईत, असं मनात म्हणत त्यानं दात आवळून पायडलवर जोर दिला. आणि सायकल चढली. घाम आला, धाप लागली, पण पाय काही टेकावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढली. पंधरवड्यात तर असं झालं की चढ कधी सरला ते त्याला कळायचंसुद्धा नाही. सूर्यभान हुरळून गेला. शाळेत त्यानं ज्याला-त्याला गाठून सांगितलं की साठीला टेकलेला माणूस बायकोला बसवून कालव्याचा चढ चढतो. पोरांना पाय दाबून बघायला लावले. तरुण मास्तरांना म्हणाला, "तुमच्या जिमला काय ठिवलंय? लय तर फोटो काढताव."

सगळे हसले. एकट्या प्राची मॅडम हसल्या नाहीत. त्या नव्याच बदलून आलेल्या आणि रोज खिचडीच्या खोलीत डोकावणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मावशी मात्र फार बारीक झाल्यात हो, सूर्यभानमामा."

"काटक हाय ती," सूर्यभान कौतुकानं म्हणाला. "कामाचं माणूस फुगत न्हाई."

मला या शब्दाचा रागच येतो. बाई वाळत चालली की तिला काटक म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ती बिचारी लुगड्याला दोन निऱ्या जास्त घालते, पोलक्याला आतून पिन लावते, आणि आपण तिचं कौतुक करतो.

माघ सरता सरता दुसरी एक गोष्ट घडायला लागली, आणि तिची मात्र सूर्यभानला थोडी भीती वाटली. संध्याकाळी शाळेच्या फाटकातून निघताना तो नेहमीसारखं सायकल हळू सोडायचा आणि धक्क्याची वाट बघायचा. धक्का यायचाच नाही. हँडल हलायचं नाही.

"बसली का?"

"कवाच बसले."

एकदा तर तो चिडून थांबला, पाय टेकला आणि म्हणाला, "बस की आता, का मुहूर्त काढायचाय?" मागून अगदी कानाजवळ आवाज आला, "बसलेच हाय, अवो." त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण लगेच त्यानं मनाची समजूत घातली. कॅरियर नवं आहे, पाइप जाड आहे, रस्त्यावर नुकतंच डांबर पडलंय. तरी त्या दिवसापासून तो रस्त्यात उगीच काहीबाही विचारत राहायचा, भाव काय, भाजी कोणती, आणि उत्तर यायला उशीर झाला की त्याचा पायडल मारता पाय अडायचा.

आणि टोचणं काही थांबलं नव्हतं.

"आता गादीचंच घेऊ," त्यानं ठरवलं. रेक्झिनची गादी शिवलेलं, खाली स्प्रिंगा असलेलं कॅरियर मुनीरकडं आल्याचं त्याला कळलं होतं. त्याच्याकडं गेला तर मुनीर म्हणाला, "मामा, चार महिन्यांत दुसरं कॅरियर. यावेळी अंदाजानं न्हाई द्यायचो. जिला बसायचं तिलाच घिऊन या."

बाजाराच्या दिवशी दोघं गेली. सुलाबाई नको नको म्हणत होती. "हाय तेच बरंय. मला काय व्हायलंय?" पण सूर्यभान ऐकतो कुठला. दुकानापुढं भर उन्हात सायकल उभी करून त्यानं तिला नव्या गादीवर बसवलं आणि हँडल धरून उभा राहिला. मुनीरनं खाली वाकून पाहिलं. स्प्रिंगा दबल्याच नव्हत्या. त्यानं बसायला सांगितलं, "मामी, पुरतं अंग सोडून बसा." ती म्हणाली, "बसलेच की."

मुनीरनं मग सवयीनं कॅरियरच्या पट्टीला दोन्ही हात घातले आणि मागचं चाक उचलून पाहिलं. बासष्ट किलोची बाई वर बसलेली असताना ते जागचं हलायला नको होतं. चाक वीतभर वर आलं. मुनीरनं ते अलगद खाली टेकवलं. सुलाबाईच्या मनगटातल्या बांगड्या घसरून कोपरापाशी गेल्या होत्या, त्याकडं त्यानं एकदा पाहिलं आणि हात पुसत उभा राहिला.

"मामा, बासष्ट कोन म्हणलं तुमाला?"

"दवाखान्यात मोजलंय म्हणलं ना."

"कवा?"

सूर्यभान हँडलवरची धूळ पुसायला लागला. समोर भुसारच्या दुकानात सोयाबीनची पोती मोजायचा मोठा काटा होता, तिकडं मुनीरनं बोट केलं. सुलाबाईनं नवऱ्याचा दंड धरला, "चला घरी, बाजार ऱ्हायलाय," पण सूर्यभान तिला जवळजवळ ओढतच घेऊन गेला. मुनीरला खोटं पाडायचं एवढंच त्याच्या मनात होतं. ती चपला काढून काट्यावर उभी राहिली. लाल आकडे थोडे नाचले आणि थांबले. एकोणचाळीस.

"काटा बिघडलाय," सूर्यभान म्हणाला.

तो स्वतः चढला. चौसष्ट. शाळेत आरोग्य तपासणीला भरलं होतं तेवढंच, किलोचाही फरक नाही. तो उतरला, पुन्हा तिला चढवलं. एकोणचाळीस. दुकानदार काही बोलायला गेला आणि त्याचं तोंड बघून थांबला. भरल्या बाजारात सूर्यभानला एकदम सगळं लागोपाठ कळत गेलं: पोतं, वाकळ, न आलेला धक्का. आणि ज्याचा डांगोरा त्यानं साऱ्या शाळेत पिटला होता, तो चढ. त्याच्या पायांत काही नवीन आलं नव्हतं. मागचं माणूस कमी होत गेलं होतं. रोज थोडं, आणि तो त्यावर मिशीला पीळ देत होता.

गादीचं कॅरियर घ्यायचं राहिलं. मुनीरनं पाइपाचंच पुन्हा बसवून दिलं, पण सूर्यभान सायकलीवर बसला नाही. हातात धरून चालत निघाला. बाजार मागं पडून माणसं विरळ झाल्यावर त्यानं विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"कवापासून?"

"दसऱ्याच्या आधीपासून. दोन घास गेले की पोट भरतंय. रातीला दुखतंय."

"आन मला म्हणायलीस कॅरियर टोचायलंय."

"टोचायलंयच की," ती म्हणाली. "हाडं लागायल्यात."

तो थांबला. ती दोन पावलं पुढं जाऊन थांबली. मग तिनं सांगितलं. वालूरची तिची मोठी बहीण, कस्तुराबाई, तिचंही असंच सुरू झालं होतं. जेवण तुटलं, अंग वाळलं. घरात होती तोवर कशीबशी हिंडत-फिरत होती. पोरांनी दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं पोटातल्या गाठीचं नाव घेतलं आणि दोन महिन्यांत बाई गेली. सुलाबाईनं त्यावरून मनाशी गाठ मारली होती: नाव घेतलं की ते वाढतं. न घेतलं तर काही दिवस तरी मिळतील.

"आन तुमी..." ती जराशी हसली, "तुमी तर लय खूश व्हता. सगळ्या शाळेला पाय दाखवायलाव. म्हणलं, असू द्या. किती वर्सांनी माणूस खूश हाय."

सूर्यभानला तिथंच रस्त्यात रडू कोसळलं. सायकल सोडता येईना, म्हणून डोळेही पुसता येईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं परभणीला निघाली. धम्मपालला फोन झाला होता, तो पुण्याहून निघाला होता. गाडीत गर्दी नव्हती. सुलाबाई खिडकीशी, सूर्यभान तिच्या शेजारी. बराच वेळ त्याला कसंतरी होत होतं आणि कशानं ते उमगत नव्हतं. मग उमगलं. इतक्या वर्षांच्या येण्या-जाण्यात ती त्याच्या बाजूला कधी बसलीच नव्हती. घरी ती चुलीकडं तोंड करून, शाळेत धुरात, रस्त्यावर पाठीमागं. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिला. गालाची हाडं वर आलेली, कानशिलं आत गेलेली, आणि उन्हात दिसलं की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. किती दिवसांपासून, देव जाणे म्हणायचीही त्याला सोय नव्हती, कारण घर बौद्ध, देव त्यांनी कधीच सोडले होते. जाणायचं ते त्यानंच.

"असं काय बघायलाव?" तिनं विचारलं.

"काई न्हाई."

परभणी जवळ आली तशी ती चुळबुळ करायला लागली. स्टँडात गाडी लागली, माणसं उतरली, तरी ती दांडी धरून बसून राहिली. "अवो, ऐका माझं. याच गाडीनं माघारी जाऊ. चार दिस चांगले जातील. आत गेलं की ते नाव घेतेत."

"घिऊ दे," सूर्यभान म्हणाला.

कंडक्टर दाराशी खोळंबला होता. सूर्यभाननं तिचे हात दांडीवरून एकेक करून सोडवले, तिला दारापर्यंत आणलं. खालच्या पायरीवर ती पुन्हा अडली. तेव्हा तो आधी स्वतः उतरला, वळला आणि दोन्ही हातांनी तिला उचलून खाली घेतलं. सूर्यभानला जोर लावावाच लागला नाही.