तीन की आठ

आमच्या नांदेडच्या लॅबमधल्या एनएमआर मशीनला, म्हणजे चुंबकानं रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्राला, घाई अशी नसतेच. रेणूमधला हायड्रोजन दोन-तीन बंध पलीकडच्या कार्बनवर किती परिणाम करतो, हे मोजायचं म्हणजे सिग्नल इतका बारीक, की मशीन दिवसभर तेच तेच मोजत बसतं. आणि आम्ही बोलत! किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

* * *

मशीनचं चुंबक जबरदस्त. म्हणून दारातच किल्ल्या, घड्याळं काढून घ्यायचं काम बिलोलीच्या गंगाधरमामांचं. एकदा तपासणीला मोठे साहेब आले. बकल दिसताच मामांनी त्यांना पट्टाही काढायला लावला. साहेबांनी अख्खी लॅब एका हातानं पँट धरून पाहिली! जाताना कुरकुरले, तर मामा म्हणाले, "साहेब, सुटलेलं परत बांधता येतंय. चिकटलेलं निघत न्हाई!"

* * *

माझ्याबरोबर पीएच.डी. करणारी सुनीता औशाची. तिच्या आईनं फोनवर विचारलं, "दिवसभर काय करून राहिलीस?"

"अगं, तीन घरं पलीकडचा हायड्रोजन कार्बनला किती हलवतो, ते मोजून राहिले."

"आपल्या घराला तर तीन गावं पलीकडची तुझी आत्या हलवती. तिला कुठं मशीन लागतंय!"

* * *

याच सुनीतानं इस्लापूरच्या रानातल्या मुळ्या उकळून दोन वर्षांत जेमतेम तीन मिलिग्रॅम पदार्थ काढला. त्यातला एक हायड्रोजन पलीकडच्या कार्बनच्या बाजूलाच आहे की विरुद्ध बाजूला, एवढं ठरायचं होतं. एकाच बाजूला असेल तर आकडा तीन हर्ट्झच्या आसपास, विरुद्ध असेल तर आठच्या. आमच्या गाइड सरांनी वर्षापूर्वीच बोर्डावर तो एकाच बाजूला, म्हणजे तीनवाला, काढून ठेवलेला. सुनीताचा अख्खा प्रबंध त्या चित्रावर उभा, आणि तिला चित्राचाच संशय! बिचारीला महिनाभर जेवण गोड लागत नव्हतं. पण सरांना सांगणार कोण?

सरांची पद्धत अशी, की मोजायच्या आधी प्रत्येकानं आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. मोजणी संपली. आकडा आला आठ! म्हणजे बोर्डावरचं चित्र चुकलेलं!

मामांनी डबा उघडला. माझी चिठ्ठी तीन. बाकी दोघा विद्यार्थ्यांच्याही तीन. सुनीताची आठ. ती मान खाली घालून उभी. मला माझीच लाज वाटली, कारण संशय मलाही होता.

शेवटची चिठ्ठी सरांची. तीही आठ!

"सर, मग वर्षभर बोर्डावर...?" सुनीताच्या तोंडून निघून गेलं.

सर म्हणाले, "मीच काढलेलं मीच कसं खोडू? तुमच्यातलं कोणी उठतंय का, वाट बघून राहिलो होतो!"