थंड हवेचं ठिकाण

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी चहा शर्टवर सांडलाय, आणि तो डाग गेलेला नाही. माझ्या अब्रूवरचा तर कधीच जाणार नाही.

सुरुवात महाबळेश्वरपासून करावी लागेल. काही वर्षांपूर्वी मी घरच्यांना महाबळेश्वरला नेलं, ऑगस्टमध्ये. हॉटेल स्वस्त मिळालेलं. चार दिवस इतकं धुकं की आम्ही प्रत्येक पॉइंटवर जाऊन फक्त पाटी वाचून परत आलो. त्या दिवसापासून बायकोने, म्हणजे मेघनाने, ट्रिप ठरवण्याचं खातं माझ्याकडून काढून घेतलं. मीही कानाला खडा लावला. थंड हवेच्या ठिकाणी जायचं तर मे महिन्यात. बाकी कधीही नाही.

हा खडा लक्षात ठेवा. सगळा घोळ त्यानेच केलाय.

मग यंदा आईने, वय वर्षं चौऱ्याहत्तर, एके दिवशी पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हटलं, "सुधीर, एकदा बर्फ हातात घेऊन बघायचाय रे. फ्रीजमधला नाही, आभाळातून पडलेला." आई स्वतःसाठी कधी काही मागत नाही. साडी आणली तरी "कशाला?" म्हणते. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "स्वित्झर्लंडला जाऊ. स्कीइंग करू."

"ट्रिप कोण ठरवणार?" मेघनाने विचारलं.

"मी. शेवटचा चान्स दे. चुकलो तर यापुढे आयुष्यात कुठे जायचं, काय खायचं, सगळं तू ठरव."

"ते आत्ताही मीच ठरवते," ती म्हणाली, पण चान्स दिला.

आता स्कीइंगसाठी मी शोधलेलं तिथलं डोंगरातलं गाव म्हणजे अतिश्रीमंतांचं. डिसेंबरमधलं तिथल्या हॉटेलचं भाडं बघून मी कॉम्प्युटर बंद केला आणि पाणी प्यायलो. मग सहज मे महिना टाकून बघितला. निम्म्याहून कमी! मी खुर्चीतच उडालो. तुम्हीच सांगा, ही गोरी माणसं वेडी नाहीत का? थंडीत थंड ठिकाणी जातात, तेही दुप्पट पैसे देऊन. आणि मे महिन्यात, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा कुणीच नाही.

मुलगी सई दहावीत. तिने एकदा विचारलं, "बाबा, मेमध्ये स्नो असेल ना पण?"

"अगं, मनालीला लोक मे महिन्यातच जाऊन बर्फात लोळतात. हा तर आल्प्स आहे."

यावर कोण काय बोलणार? मनालीला आमची अर्धी सोसायटी जाऊन आलीये. सगळ्यांचे फोटो मे महिन्यातलेच.

एकट्या विलासरावांनी शंका काढली. विलासराव म्हणजे माझे साडू, राहायला इथेच जवळ, माजिवड्याला. माणूस चांगला आहे, पण नेहमी बरोबर असतो, आणि ते मला सहन होत नाही. ते म्हणाले, "सुधीरराव, एकदा विचारून घ्या हो." मी मनात म्हटलं, जळतायत.

आणि विचारायचं कुणाला? हॉटेलच्या मालकीणबाई, हेलेना, स्वतःच पत्र पाठवत होत्या. पहिल्या ईमेलमध्ये म्हणाल्या, त्या दिवसांत गाव अगदी शांत असतं, चालेल ना? आम्ही डोंबिवली स्टेशनजवळ राहतो. शांतता चालेल का म्हणून विचारताय? दुसऱ्यात म्हणाल्या, उपाहारगृहं बंद असतात. उत्तमच, आम्ही मेथीचे ठेपले आणि मेतकूट नेणार होतो. तिसऱ्यात म्हणाल्या, बहुतेक दुकानंही बंद असतील. ही बातमी वाचून मी मेघनाला दाखवलीच नाही, इतका आनंद झाला. चौथ्यात बिचाऱ्यांनी सरळच विचारलं, मग तुम्ही आठवडाभर इथे करणार तरी काय?

मला राग आला. आमचे पैसे घ्यायचे आणि वर विचारायचं काय करणार? मी ताठ उत्तर दिलं, "आम्ही सहकुटुंब एन्जॉय करू."

मग तयारीला लागलो. जाड जॅकेटं घ्यायला एप्रिलमध्ये उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं, मग माळ्यावर चढून धूळ झटकत चार जॅकेटं खाली आणली. "साहेब, आत्ता कोण घेतं?" तो म्हणाला. मी हसलो. सगळं जग झोपलेलं असताना एकटा मी जागा, असं वाटायचं मला त्या दिवसांत.

स्कीइंगचा सरावही केला. दोन फळ्या पायांना नाड्यांनी बांधल्या, हातात कपडे वाळत घालायच्या काठ्या, अंगात जॅकेट, आणि आमच्या पार्किंगचा उतार. बाहेर अडतीस डिग्री. तीन फूट नीट घसरलो, पुढचं सगळं जोशीकाकांच्या स्कूटरने ठरवलं. कोपर सोललं. आई वरून गॅलरीतून ओरडली, "मला नाही हो असलं काही करायचं. मला नुसता हातात घ्यायचाय."

निघायच्या आठ दिवस आधी, रविवारी, विलासराव सहकुटुंब जेवायला आले. श्रीखंड-पुरीचा बेत होता. त्याच सकाळी हेलेनाबाईंचा पाचवा ईमेल आलेला. गावातल्या मैदानावर कॅमेरा आहे, आत्ता तिथे काय चाललंय ते घरबसल्या दिसतं, कृपया एकदा बघा. साडूंना बर्फ दाखवायची याहून चांगली संधी कुठली? मी फोन टीव्हीला जोडला. आईला खुर्ची पुढे घेऊन दिली. म्हटलं, "आई, हे बघ तुझं."

टीव्हीवर हिरवंगार कुरण आलं. पिवळी फुलं. सात-आठ गाई. एक माणूस अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गवत कापत होता.

विलासरावांची पुरी श्रीखंडात तशीच बुडलेली.

"दुसरा कॅमेरा असेल," मी म्हटलं.

"गावाचं नाव खाली लिहिलंय, बाबा," सई म्हणाली.

आईने चष्मा पुसला आणि परत लावला. "अरे, हे तर आपलं मुरबाड दिसतंय. पावसाळ्यातलं." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "गाई मात्र छान धष्टपुष्ट आहेत हो."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मेघनाने उठून कॅलेंडर आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि पुऱ्या तळायला आत गेली.

हेलेनाबाईंना ईमेल केला. दहा मिनिटांत उत्तर. "महाशय, आमच्या गावातला बर्फ एप्रिलमध्ये गेला. डिसेंबरमध्ये परत येईल. भाडं कमी आहे ते त्यामुळेच. मी आपल्याला विचारलंही होतं की इथे करणार काय. आपण एन्जॉय म्हणालात."

बुकिंग रद्द होणारं नव्हतं. गेलो. अख्ख्या हॉटेलात आम्ही चौघंच. बर्फ दिसायचा, नाही असं नाही, पण लांब शिखरांवर, आणि वर नेणारा रोपवेचा पाळणा दुरुस्तीसाठी बंद. आई रोज सकाळी खिडकीत बसून त्या शिखरांकडे बघायची आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणायची, "दिसतोय की रे." दर वेळी मला आत कुठेतरी टोचायचं. जॅकेटं बॅगेतून बाहेरच आली नाहीत. ठेपले मात्र संपले, निम्मे हेलेनाबाईंनी खाल्ले.

परत आलो त्या आठवड्यात विलासरावांचा फोन. "सुधीरराव, आईंना घेऊन या. आमच्या घराजवळच्या मॉलमध्ये बर्फाची खोली केलीय. मशीनने पाडतात, पण वरूनच पडतो."

काय करणार, गेलो. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो. तिथे आत जाताना भाड्याने कोट देतात. मी मात्र उल्हासनगरचं जॅकेट घालून गेलो, कुठेतरी वापरायलाच हवं होतं ना ते. आईने आत ओंजळ भरून बर्फ घेतला. बराच वेळ नुसती बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, माझेही आले. मग तिने त्या बर्फाचा गोळा केला आणि नेम धरून माझ्या तोंडावर मारला.

बाहेर आलो तर कोट परत घेणारी मुलगी आईला म्हणाली, "आजी, किती खूश झालात. पहिल्यांदाच बर्फ बघितला का?"

"हो गं," आई तिच्या हातात कोट देत, मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आधी स्वित्झर्लंडला जाऊन आलो, पण तिकडे नव्हता. म्हणून मग माजिवड्याला आलो."