दहा मोजून हात

बोंडअळीनं कापसाचं वाटोळं केलं त्या सालांत मी मारेगावकडच्या जिनिंगांमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांत, मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह दुरुस्त करत फिरायचो. कापूस यायचा तोच किडका, ओला. कचरा झाडायच्या मशीनचा खिळ्यांचा ड्रम दिवसातून चारदा चोंदायचा. एका जिनिंगात त्या मशीनवर एक बाई होती, चाळिशीची, फटकळ. ड्रम चोंदला की ती बंद करायचं बटण दाबायची, मोठ्यानं दहा मोजायची, झाकण उघडून हातानं कापूस ओढायची. बाकीच्या मशीनांच्या गोंगाटात ड्रम थांबला की नाही ते ऐकू येत नसे, कापसाच्या थराखाली दिसतही नसे, म्हणून तिथं सगळेच मोजायचे. ड्रम आठ सेकंदांत थांबायचा. दोन वरचे.

एका दुपारी बोलावणं आलं. बटण दाबलं की ड्राइव्ह ट्रिप होऊन मोटर मोकळी सोडायचा, ड्रम आपला फिरत राहायचा, पॅनलवर लाल दिवा. दिवा लागला की बाई झाकणाला शिवत नसे, फिटरची वाट पाहत बसायची.

फॉल्ट मी पाच मिनिटांत धरला. जड ड्रम थांबताना मोटरलाच फिरवतो आणि वीज उलटी ड्राइव्हमध्ये शिरते. ती जाळायला पॅनलवर रेझिस्टन्सचा डबा असतो. त्याची तार कुणीतरी कापून वर टेप गुंडाळला होता.

"हे शहाणपण कोणाचं?" मी ओरडलो.

फिटर पुढं आला. पुसदचा म्हातारा, सगळे त्याला चाचा म्हणत. "साहेब, डबा लय तापते. वर रुई बसते. सकाळी धूर निघाला. आग लागली असती तर?"

"अक्कल गहाण ठेवली का, चाचा?" सगळ्यांसमोर झापलं मी त्याला. खरं तर त्याचं बरोबर होतं. डबा भिंतीबाहेर न्यायला हवा होता. अर्ध्या दिवसाचं काम. पण फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि मॅनेजर डोक्यावर बसला होता, "आधी चालू करा." मी तार तशीच सोडली आणि थांबायची वेळ आठाची साठ सेकंद केली. ड्रम हळूहळू थांबला तर वीज उलटत नाही, ट्रिप होत नाही, दिवा लागत नाही. मॅनेजर खूश.

बाई शेजारीच उभी होती. "भाऊ, आता थांबते ना बरोबर?"

"थांबते," मी म्हणलो. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. साठ हा एक शब्द तोंडातून निघाला नाही माझ्या.

दुसऱ्या दिवशी मी आर्णीला होतो. फोन आला, बाईचा हात ड्रममध्ये गेला. गाडी पळवत पोचलो. तिला दवाखान्यात नेलं होतं. ती कशी आहे हे मी कुणाला विचारलं नाही. आधी पॅनल गाठलं, साठचे परत आठ केले. मग सगळ्यांना बोलावलं, मशीन चालवून बंद केलं. ट्रिप. लाल दिवा.

"पाहा. तार कापली, ब्रेकच नाही. कालच बोललो होतो मी याले."

चाचा माझ्याकडे पाहत राहिला. त्याला पॅनलमधले आकडे वाचता येत नव्हते. "अल्ला कसम, आगीच्या भेवानं कापली," एवढंच म्हणाला. संध्याकाळच्या आत त्याला काढलं. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली, आणि तीही पुरेशी नाही.

तीन महिन्यांनी ती मारेगावच्या बाजारात दिसली, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसलेली. मी तोंड चुकवत होतो, तिनंच हाक मारली.

"भाऊ, चाचाले काढलं म्हणे. पण दिवा तर लागलाच नव्हता. अन् मी दहा मोजले व्हते."

मी एक जुडी उचलून पाहायला लागलो.

"तुमी मशीनचे जाणकार. पाहा बरं, घाईनं मोजतो का मी?" आणि तिथंच ती मोजायला लागली. एकेका आकड्याला एकेक बोट मिटत. डाव्या हाताची पाच झाली. उजव्याचा अंगठा, सहा. पुढं बोटंच नव्हती. ती तशीच मोजत राहिली, सात, आठ, नऊ, दहा, सावकाश, माझ्याकडे बघत.

"झाली का घाई माझी?"

"हो," मी म्हणलो. "झाली असंल."

तिनं मान डोलावली. "मलेबी तसंच वाटे," म्हणाली, आणि एक जुडी माझ्या पिशवीत टाकली.